शेकडा, पेटी आणि काटा

(ठाणे-नवी मुंबईच्या वाचकांनी अंडी-कोंबडी बाजाराबद्दल पाठवलेले प्रश्न. उत्तरं देतात कळव्यातले एक जुने घाऊक व्यापारी.)

काका, मोबाईलवर रोज मुंबईचा अंड्याचा भाव येतो. परवा 590 होता. म्हणजे अंडं 5 रुपये 90 पैशांना पडलं. आमच्या सेक्टरमधला दुकानदार साडेसातला एक देतो आणि डझन घेतलं तरी काही सोडत नाही. मधले पैसे कोण खातं?
— एक गृहिणी, ऐरोली

ताई, 590 हा शेकड्याचा भाव आहे हे तुम्हाला माहीत आहे, तिथेच निम्मी भांडणं मिटतात. कित्येक लोक तो आकडा घेऊन दुकानात जातात आणि पेटीचा की डझनाचा यावरून दुकानदाराशी हुज्जत घालतात.

हा भाव अंडी उत्पादकांची नॅशनल एग को-ऑर्डिनेशन कमिटी, म्हणजे एनईसीसी, रोज गावागावांसाठी जाहीर करते. मुंबईचा वेगळा, पुण्याचा वेगळा, हैदराबादचा, नमक्कलचा, हरियाणातल्या बरवाल्याचा वेगळा. 1982 साली पुण्याच्या डॉ. बी. व्ही. राव यांच्या पुढाकाराने ही कमिटी उभी राहिली. त्याआधी शहरातला व्यापारी म्हणेल तो भाव आणि शेडवाल्याने मुकाट्याने माल द्यायचा, अशी तऱ्हा होती. मी व्यापारी असून सांगतो, आमच्या आधीच्या पिढीने तेव्हा शेतकऱ्याला बरंच पिळलं. पण हा भाव कुणावर बंधनकारक नाही. कमिटी स्वतःच त्याला सुचवलेला भाव म्हणते. त्याच्या वर किंवा खाली सौदा होतो, आणि होतोच.

आता तुमच्या अंड्याचा प्रवास बघा. महाराष्ट्राला दिवसाला सव्वादोन कोटींहून जास्त अंडी लागतात आणि रोज कोटीभर कमी पडतात, असं राज्याच्या पशुसंवर्धन खात्याने 2023 मध्ये सांगितलं होतं. ती तूट तेलंगण, कर्नाटक, तमिळनाडूच्या मालाने भरून निघते. गाडी आमच्याकडे पहाटेच्या आधी लागते. पुठ्ठ्याच्या ट्रेमध्ये तीस अंडी, सात ट्रेची एक पेटी, म्हणजे 210 नग. 590 ने पेटी झाली 1,239 रुपयांची.

पेटी उतरली की आमचा माणूस आधी सगळ्यात खालचा ट्रे काढतो. मार तिथे बसलेला असतो. पुठ्ठ्यावर पिवळा ओघळ दिसला तर तो ट्रे बाजूला. मग दोन-दोन अंडी हातात घेऊन एकमेकांवर अलगद टेकवतो. चांगलं अंडं टणक वाजतं, तडकलेलं बद्द. डोळ्याला न दिसणारी चीर कानाला कळते, आणि हा माणूस एकीकडे फोनवर गप्पा मारत हे काम करतो. तडकलेली अंडी वेगळ्या ट्रेमध्ये जातात, कमी भावाने. ती कुठे जातात ते विचारू नका, रात्री स्टेशनबाहेर भुर्जी-पाव खाता ना!

आमच्याकडे पेटीमागे चार अंडी तुटीची धरायचा रिवाज आहे. तिथे अंड्यामागे अकरा पैसे गेले. हमाली, गाळ्याचं भाडं, आमचा नफा असे पंधरा-वीस पैसे. ऐरोलीपर्यंत टेम्पोचे दहा. म्हणजे दुकानदाराच्या हाती अंडं 6 रुपये 30 पैशांच्या आसपास पडलं. त्याने सात लावले तर मी काही बोलणार नाही. त्याच्याकडेही फुटतात, आणि सोमवार-गुरुवारी माल तसाच पडून असतो. साडेसात थोडे जास्तच आहेत. पण सेक्टरमधल्या गाळ्याचं भाडं बघता त्याला लूट म्हणवत नाही. तुम्ही आठवड्याला अख्खा ट्रे उचलायला लागा आणि भाव त्याच वेळी ठरवा. सुट्या अंड्यावर कोणी सूट देत नाही, ट्रेवर देतात.

हिवाळ्यात कोंबड्या चांगल्या अंडी देतात म्हणतात. मग तेव्हाच अंडी महाग का?
— निवृत्त शिक्षक, ठाणे पूर्व

गुरुजी, कोंबडी अंडं देते खरी, पण खाणारे तिच्याही पुढे धावतात. थंडी पडली की उत्तरेत अंड्याचा खप उसळतो. बरवाल्याचा माल दिल्लीकडेच संपतो आणि हैदराबादच्या गाडीला चार पैसे जास्त मिळतील तिकडची वाट दिसते. मुंबईला माल हवा तर मुंबईने भाव द्यायचा. उन्हाळ्यात उलटं. कोंबडी खाणं कमी करते, अंडं लहान होतं, कवच पातळ होतं, पण लोकही 'उष्ण पडतं' म्हणून हात आखडता घेतात. त्यानंतर श्रावण, गणपती, नवरात्र. ते महिने आमच्या धंद्यात मारुतीच्या शेपटीसारखे लांबत जातात.

माझी मुरबाड तालुक्यात तीन हजार पक्ष्यांची ब्रॉयलरची शेड आहे, कंपनीच्या करारावर. गटारीला बाजार कडक होता, तरी मला पक्षी वाढवल्याचे किलोला आठच रुपये मिळाले. आता करार सोडून स्वतःचा माल टाकावा का?
— एक तरुण शेतकरी

भाऊ, गटारीचा भाव बघून निर्णय घेऊ नका. घ्यायचाच तर श्रावणातला भाव बघून घ्या.

करारात पिल्लू, खाद्य, औषध कंपनीचं. शेड, पाणी, लाईट, भुसा आणि राबणं तुमचं. तीन हजार पक्षी, सरासरी दोन किलो, किलोला आठ रुपये, म्हणजे एका लॉटला 48,000. त्यातून भुसा, लाईट, मजुरी गेली की थोडकंच उरतं हे मला मान्य आहे. आणि बाजार कितीही चढला तरी तुमचे आठ ते आठच, हे बोचणारच.

आता स्वतःचा माल टाकला असं धरू. दोन किलोचा पक्षी पस्तीस ते चाळीस दिवसांत होतो आणि तोवर 3.3 किलोच्या आसपास खाद्य खातो. खाद्य 40 रुपये किलो धरलं तर 132 रुपये. पिल्लू 40. औषध, भुसा, लाईट, मजुरी मिळून 18. झाले 190. मर धरा, कारण शंभरातले चार-पाच जाणारच आणि त्यांनी खाल्लेलं खाद्य उरलेल्यांच्या डोक्यावर बसतं. म्हणजे पक्षी 195 च्या घरात, किलोला साडेसत्त्याण्णव.

शेडवर 120 चा भाव मिळाला तर तीन हजार पक्ष्यांवर 1,35,000 सुटतात. वाचून तोंडाला पाणी सुटलं असेल. आता भाव 70 वर आला असं धरा. 1,65,000 खिशातून. आणि 70 हा काही राक्षसी भाव नव्हे. मार्च 2020 मध्ये कोंबडीमुळे कोरोना होतो अशी अफवा उठली तेव्हा पक्षी मातीमोल गेले, काहींनी फुकट वाटले, काहींनी खड्ड्यात पुरले. करारावरच्या शेतकऱ्याचं तेव्हा मजुरीचं नुकसान झालं. स्वतःचा माल असलेल्याची जमीन गहाण पडली.

शिवाय खाद्य तुमच्या हातात नाही. 2021 ला सोयाबीन पेंड इतकी भडकली की सरकारला बारा लाख टन पेंड बाहेरून आणायची परवानगी द्यावी लागली. अलीकडे मका इथेनॉलच्या कारखान्यांकडे वळला आहे आणि खाद्यात निम्म्याहून जास्त मकाच असतो. कंपनी मका हंगामात गोदाम भरून ठेवते. तुम्ही दर आठवड्याला दुकानातून पोती आणणार.

आणखी एक. गटारी सगळ्यांनाच ठाऊक आहे. वटपौर्णिमा उरकली की चार-पाच दिवसांत पिल्लू टाकायचं म्हणजे आषाढी अमावस्येला पक्षी तयार, हा हिशेब तुमच्या शेजारच्या शेडवाल्यालाही येतो. त्यामुळे तेव्हा पिल्लूच महाग असतं. अमावस्येच्या आदल्या दिवशी तुमचा माल उचलला गेला नाही तर दुसऱ्या दिवसापासून श्रावण. पक्षी थांबत नाही. रोज खातो, अडीच किलोच्या पुढे गेला की किरकोळ दुकानदार नाक मुरडतो, आणि तुम्ही मिळेल त्या भावाला हात जोडता.

माझं मत विचाराल तर अजून दोन वर्षं करारावरच राहा. मात्र कंपनीकडून लॉट संपल्यावर हिशेबाचा कागद मागा. किती खाद्य आलं, किती परत गेलं, काट्यावर वजन किती, मर किती, बोनस कशावर कापला. गाडीत पक्षी भरताना काट्याजवळ स्वतः उभे राहा, रात्रीचे दोन वाजले असले तरी. मुरबाडकडचे बरेच शेतकरी झोपेपायी इथेच मार खातात. आणि अंगावर कर्ज नसेल, चार महिन्यांचं खाद्य घेता येईल इतकी गंगाजळी असेल, तर मग पाचशे पक्ष्यांचा एक कोपरा स्वतःचा टाकून बघा, पण कंपनीला विचारून. करारात बहुतेक वेळा त्याला मनाई असते.

दुकानाच्या पाटीवर जिवंत 150, स्किनलेस 230 लिहिलेलं असतं. नुसतं कापायचे ऐंशी रुपये?
— नोकरदार, घणसोली

कापायचे नव्हेत, जे टोपलीत जातं त्याचे. दोन किलोची कोंबडी 150 ने 300 रुपयांची. पिसं, रक्त, डोकं, पाय, आतडी, कातडी गेली की हाती 1.3 किलोच्या आसपास येतं. 300 ला 1.3 ने भागा, 230 येतात. तुमचा दुकानदार सरळ दिसतो. कातडीसकट घेतलंत तर थोडं स्वस्त पडतं आणि रस्साही चवदार होतो. फक्त कोंबडी जिवंत असताना काट्यावर ठेवायला सांगा, आणि कलेजी-पेटा तुमच्याच पिशवीत पडतोय ना ते बघा.

बर्ड फ्लूची बातमी आली की चिकन एकदम स्वस्त होतं. तेव्हा घ्यावं की नाही? घरी सासूबाई अंडंसुद्धा आणू देत नाहीत.
— डोंबिवलीहून एक वाचक

सासूबाईंना सांगा, व्यवस्थित शिजवलं की धोका नाही. 70 अंशांना हा विषाणू मरतो आणि आपला रस्सा त्याच्या कितीतरी पुढे उकळतो. अर्धकच्चं अंडं, वाहतं पिवळं मात्र त्या दिवसांत नको. आणि कच्चं मांस धुतलेल्या हाताने कोशिंबीर चिरू नका.

देशात कोंबड्यांमध्ये हा रोग पहिल्यांदा सापडला तो आपल्याच राज्यात, 2006 ला नवापूरला. आपल्या ठाणे जिल्ह्यात फेब्रुवारी 2022 मध्ये शहापूरच्या वेहळोलीत आला. आजार सापडला की आजूबाजूच्या किलोमीटरभरातले सगळे पक्षी सरकार मारून पुरतं आणि दहा किलोमीटरपर्यंत नजर ठेवली जाते. त्यामुळे तिथला माल तुमच्या डोंबिवलीच्या दुकानात पोचत नाही. वेहळोलीच्या वेळी आमच्या गाळ्यावर लोक ट्रे बघायचे आणि तसेच पुढे जायचे. अंडी हैदराबादची आहेत सांगितलं तरी.

भाव दोन दिवसांत कोसळतो हे खरं. पण पुढचं कोणी सांगत नाही. घाबरून शेडवाले पिल्लू टाकायचं थांबवतात, आणि दोनेक महिन्यांनी लोक भीती विसरून दुकानात येतात तेव्हा पक्षीच नसतो. मग भाव आधीपेक्षाही वर. स्वस्तात खायचं असेल तर ते पहिले पंधरा दिवसच.

तपकिरी अंडी गावरान म्हणून अठरा रुपयांना एक. घ्यावीत?
— नेरूळ

रंगावर जाऊ नका. पिंजऱ्यातली तपकिरी अंड्यांची कोंबडीही असते, वर्षाला तीनशेच्या घरात अंडी देणारी. खरी गावठी कोंबडी वर्षाला साठ-ऐंशी देते, अंडं लहान, फिकट, आणि एका टोपलीतली दोन अंडी सारखी नसतात. ट्रेमधली तीसच्या तीस एका रंगाची, एका मापाची दिसली तर अठरा देऊ नका. चहाच्या पाण्यात बुडवलेलीही मिळतात. ओल्या फडक्याने पुसून बघा.

खारघरमध्ये हॉटेलं आणि सोसायट्यांना अंडी पुरवायचा विचार आहे. वाशीच्या मार्केटमध्ये अंड्यांचा गाळा कुठे?
— एक तरुणी

कुठेच नाही. वाशीच्या बाजार समितीत पाच मार्केट आहेत, कांदा-बटाटा, भाजीपाला, फळं, मसाला आणि धान्य. अंडी-कोंबडीचा बाजार तिथे भरत नाही. आमचे गाळे ठाणे, कळवा, पनवेल असे विखुरलेले आहेत. तुम्ही तुमच्या भागातले दोन घाऊक व्यापारी गाठा, एकावर अवलंबून राहू नका.

सोसायट्यांपासून सुरुवात करा, त्या रोख देतात. हॉटेलवाला पेट्या जास्त उचलतो, पण उधारी महिन्याची मागतो आणि तुम्हाला गाडीवाल्याला चार दिवसांत पैसे द्यायचे असतात. त्याच्याशी एकच पक्का भाव ठरवू नका, नाहीतर डिसेंबरमध्ये रडाल. त्या दिवशीचा एनईसीसीचा मुंबई भाव अधिक शेकड्याला ठरावीक रक्कम, असं लिहून घ्या. आणि दिवस म्हणजे माल पोचल्याचा दिवस, बिल केल्याचा नव्हे, हेही लिहा. तूट कोणाची, तेही त्याच कागदावर. आमच्याकडे रिवाज असा की पेटी गिऱ्हाइकासमोर उघडायची आणि सही झाल्यावर फुटलेलं अंडं गिऱ्हाइकाचं.