विज्ञान भाग २ ची फ्लॅशकार्डं : घरी येतं, पेपरात अडतं

ताई, तुमचा प्रश्न थोडक्यात असा : लेक दहावीला, मराठी माध्यम. विज्ञान भाग २ ची तीनशेच्या वर कार्डं तिनं बनवली, रोज वाचते, विचारलं की "येतं" म्हणते आणि सराव पेपरात उत्तरं अर्धवट राहतात. मग कार्डं चालू ठेवावीत की पुस्तकच वाचावं?

चालू ठेवा, पण ती वाचणं आजपासून बंद. कार्डाचं काम एकच, डोक्यातून उत्तर बाहेर ओढणं. रोडिगर आणि कारपिक या मानसशास्त्रज्ञांचा २००६ चा प्रयोग यासाठीच सांगण्यासारखा आहे. एका गटानं उतारा पुन्हा वाचला, दुसऱ्यानं तो न बघता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी चाचणी घेतली तेव्हा वाचणारे पुढे होते. आठवड्यानं घेतली तेव्हा आठवून लिहिणारे. म्हणजे लेक खोटं बोलत नाही. तिचं "येतं" त्या पाच मिनिटांपुरतं खरं असतं.

म्हणून कार्ड उलटण्याआधी उत्तर तोंडानं पूर्ण बोलायचं किंवा रफ वहीत लिहायचं, मगच मागची बाजू. उलटल्यावर "हो हो, हेच म्हणणार होते" असं वाटलं तर ते कार्ड चुकलं असं धरायचं. याबाबतीत दया दाखवू नका.

आता कार्ड कसं असावं. बहुतेक मुलांच्या कार्डावर पुढे "ग्लायकोलायसिस" (ग्लुकोजचं विघटन) एवढंच आणि मागे पुस्तकातला अख्खा परिच्छेद. यात प्रश्नच नाही, त्यामुळे बरोबर की चूक हे ठरवता येत नाही. निम्मं आठवलं तरी मूल पुढे जातं. याची चार कार्डं करा : ही प्रक्रिया पेशीत कुठे घडते (पेशीद्रव्यात), एका ग्लुकोजपासून कोणते चार पदार्थ मिळतात आणि प्रत्येकाचे किती रेणू (पायरुविक आम्ल, एटीपी, एनएडीएच२ व पाणी, प्रत्येकी दोन), ऑक्सिश्वसनात पायरुविक आम्ल पुढे कुठे जातं (तंतुकणिकेत), तिथे त्याचं कशात रूपांतर होतं (ॲसेटिल-को-एन्झाइम-ए). यादी विचारायची असेल तर संख्या प्रश्नातच लिहा : "माणसातील चार अवशेषांगे" (म्हणजे निरुपयोगी झालेले अवयव). नाहीतर तीन नावं आठवली की पोरं खूश होऊन कार्ड उलटतात.

जोडणाऱ्या दुव्यांची, म्हणजे दोन गटांची लक्षणं असलेल्या सजीवांची, कार्डं दोन्ही दिशांनी हवीत. "पेरिपॅटस कोणत्या दोन संघांमधला दुवा?" हे येतं, पण "ॲनेलिडा आणि आर्थ्रोपोडा यांना जोडणारा प्राणी?" म्हटलं की अडतं. जोड्या लावा आणि सहसंबंध ओळखा या प्रश्नांत एक-एक गुण इथेच सांडतो.

गोंधळाच्या जोड्यांसाठी वेगळं तुलनेचं कार्ड करा. प्रतिलेखन, भाषांतरण आणि स्थानांतरण ही तीन कार्डं सुटी सुटी पाठ असतात आणि पेपरात एकमेकांत मिसळतात. एकाच कार्डावर विचारा : डीएनएवरून एम-आरएनए तयार होणं कोणतं, टी-आरएनएनं कोडॉननुसार अमिनो आम्ल आणणं कोणतं, आणि रायबोझोमनं एका कोडॉनच्या अंतरानं पुढे सरकणं कोणतं? पुटिका ग्रंथी संप्रेरक व पीतपिंडकारी संप्रेरक, पेशीविभाजनात प्राणिपेशीत पडणारी खाच व वनस्पतिपेशीत तयार होणारं पेशीपटल यांचंही असंच.

शास्त्रीय कारणं हा मात्र कार्डांचा खरा कच्चा दुवा. कासव पाण्यातही राहतं, जमिनीवरही. तरी ते उभयचर का नाही? याचं उत्तर पाठ करवलं की दोन वाक्यांनंतर गाडी थांबते, कारण शब्दांचा क्रम पाठ असतो, कारण माहीत नसतं. आधी सुटे मुद्दे विचारा : उभयचरांची त्वचा कशी? ओलसर, खवल्यांशिवाय. कासवाची? कोरडी, खवल्यांची. उभयचर कशानं श्वास घेतात? डिंभ (प्रौढ होण्याआधीची अवस्था) असताना कल्ल्यांनी. प्रौढपणी पाण्यात त्वचेनं, जमिनीवर फुप्फुसांनी आणि त्वचेनं. कासव? फुप्फुसांनी, पिल्लू असल्यापासून. बोटांना नख्या कोणाच्या? कासवाच्या. हे मुद्दे पक्के झाले की एक वेगळ्या रंगाचं कार्ड करा, पुढे पूर्ण प्रश्न आणि मागे फक्त "त्वचा, श्वसन, नख्या" एवढे तीन शब्द. ते कार्ड आलं की पूर्ण वाक्यांत लिहूनच सोडवायचं. या प्रश्नाला दोन गुण असतात. तीन नेमके मुद्दे लिहिले की पुरे.

आकृत्यांसाठी नावांशिवायची आकृती, बाणांना आकडे, मागे नावं. पण यानं फक्त नावं पक्की होतात, हात बसत नाही. सोबत "स्त्री प्रजनन संस्था काढा, वेळ पाच मिनिटं" असं एक कार्ड ठेवा आणि पाठकोऱ्या कागदावर पेन्सिलनं काढायला लावा.

कार्ड फिरवण्याची पद्धत सेबास्टियन लाइटनर या लेखकाची, १९७० च्या दशकातली, आणि अजून तीच सोपी. त्याचे कप्पे जास्त होते, दहावीला तीन पुरतात. संत्रा बर्फीची रिकामी खोकी आपल्याकडे नागपुरात घरोघरी असतात, ती चालतील. पहिल्या खोक्यातली कार्डं रोज, दुसऱ्यातली तीन दिवसांनी, तिसऱ्यातली आठवड्यानं. बरोबर आलं की पुढच्या खोक्यात; चुकलं की कुठल्याही खोक्यातून थेट पहिल्यात. नवीन कार्डं दिवसाला दहाच. जास्त घातली की आठवड्याभरात पहिलं खोकं फुगतं आणि मूल कंटाळून सगळंच सोडतं. दर वेळी गठ्ठा पत्त्यांसारखा पिसा, नाहीतर आधीच्या कार्डावरून पुढचं उत्तर आठवतं. कोपरा दुमडलेलं किंवा चहाचा डाग पडलेलं कार्डही उत्तर सांगून देतं, ते बदलून टाका.

कागद वहीचा नको, मागची शाई पुढे दिसते. बर्डीवर किंवा महालात कुठल्याही स्टेशनरीत २०० जीएसएमच्या (कागदाच्या जाडपणाचं माप) आसपासचं ए-४ कार्डशीट मिळतं. एकाचे आठ तुकडे करा, साधारण साडेदहा बाय साडेसात सेंटिमीटर. लिहायला बॉलपेन, गुळगुळीत कार्डावर जेलपेन फिसकटतं. मोबाइलवर अँकी हे फ्लॅशकार्डांचं ॲप आहे, अँड्रॉइडला फुकट. त्यात रोजच्या नव्या कार्डांचा आकडा आधीच २० असतो, तो १० करा. पण दहावीच्या वर्षी हातात मोबाइल देण्यापेक्षा पुठ्ठा बरा, असं माझं स्पष्ट मत.

कार्डं सगळ्या धड्यांना सारखी नकोत. आनुवंशिकता व उत्क्रांती, जीवनप्रक्रियांचे दोन्ही भाग, प्राण्यांचे वर्गीकरण आणि पेशीविज्ञान इथे प्रत्येकी पंचवीस-तीस लागतील. सामाजिक आरोग्य, आपत्ती व्यवस्थापन यांना सहा-सात पुरे. तिथे स्वतःच्या शब्दांत लिहायचा सराव हवा.

पेपर ४० गुणांचा, वेळ दोन तास, म्हणजे गुणामागे तीन मिनिटं. तीन गुणांच्या प्रश्नाला नऊ मिनिटं मिळतात, सराव सहा मिनिटांचा ठेवा. रविवारी तिसऱ्या खोक्यातली एकाच धड्याची पाच-सहा कार्डं काढून त्यांवरून तीन गुणांचं एक उत्तर घड्याळ लावून लिहायला सांगा. कार्डांवरचे तुकडे उत्तरात जोडायची सवय यातूनच लागते, आणि तुमच्या लेकीचं नेमकं इथेच अडतंय.

आहेत ती तीनशे कार्डं फेकू नका. एकदा उलटी न करता सगळी विचारा. अडखळल्याशिवाय आलेली थेट तिसऱ्या खोक्यात. मागे परिच्छेद असलेली बाजूला काढा, रोज पाच-सहा फोडून नव्यानं लिहा, आणि ती लेकीनंच लिहावीत. तुम्ही लिहून दिलीत तर निम्मा अभ्यास तुमचा होईल. परीक्षेच्या दोन आठवडे आधी नवीन कार्ड करणं थांबवा. शेवटच्या तीन दिवसांत फक्त पहिल्या खोक्यातली कार्डं आणि आकृत्या.