मैल म्हणजे नक्की किती किलोमीटर? कुठे १.६ लिहितात, कुठे १.८५, यातला खरा कुठला?

दोन्ही खरे आहेत. १.६ वाला जमिनीवरचा, १.८५ वाला समुद्रावरचा. पण "खरा कुठला" हे वाचलं आणि राहवलं नाही, कारण आमच्या घरात याच प्रश्नावरून कित्येक वर्षं वाद चालू आहे.

माझे बाबा कोकणातल्या हर्णे बंदराचे, स्वतःच्या मासेमारी बोटीवर तांडेल, म्हणजे बोट चालवणारे प्रमुख. २००९ च्या ऑक्टोबरात, मी बारावीत होते तेव्हा, संध्याकाळी त्यांचा गिअरबॉक्स गेला. बोटीवर ते धरून पाच जण. बाबांनी नांगर टाकला आणि वायरलेसवर काकांना हाक मारली. काका त्या दिवशी दक्षिणेला मासेमारी करत होते. खरखर इतकी की अक्षांश-रेखांशाचे लांबलचक आकडे तीनदा सांगूनही पोचेनात, म्हणून बाबांनी जीपीएसवर दिसत होतं ते सांगितलं, "हर्ण्यापासून चौदा मैल", आणि दिशा सांगितली. काकांनी त्यांच्या मशीनवर हर्ण्यापासून चौदाचा पॉइंट लावला आणि सरळ तिकडे गेले. तिथे कोणीच नाही. रात्रभर फेऱ्या मारल्या. बाबांची बॅटरी तोवर उतरलेली, वायरलेस बंद, एका टॉर्चवर पाच माणसं. आई बंदरावर बसून होती, तिला घरी चल म्हणायची कोणाची हिंमत झाली नाही. उजाडल्यावर बोट सापडली, पॉइंटच्या बरीच आत, किनाऱ्याच्या बाजूला.

दोर बांधून ओढत आणली, सगळे सुखरूप. पण काका चारचौघांत बंदरावर बोलले, "तीस वर्षं दर्यात काढली आणि याला मैल सांगता येत नाही." बाबा काही बोलले नाहीत. ते काकांपेक्षा लहान, आणि वाचवायला आलेल्या भावाला उलटून काय बोलणार.

आता गोष्ट अशी की बाबांचा जीपीएस हातातला, सेकंडहँड घेतलेला, आधी कोणीतरी डोंगर फिरायला वापरायचं. अशा मशीनमध्ये अंतराच्या सेटिंगला तीन पर्याय असतात, नॉटिकल, स्टॅच्यूट आणि मेट्रिक. बाबांचं स्टॅच्यूटवर होतं, म्हणजे जमिनीचा मैल. काकांचं बोटीवर बसवलेलं मशीन नॉटिकलवर. जमिनीचे १४ मैल म्हणजे साडेबावीस किलोमीटर, समुद्राचे १४ म्हणजे जवळपास २६. मधे साडेतीन किलोमीटरचा अंधार.

हे असं का झालं, तर मैल हा शब्द रोमन लोकांच्या हजार पावलांवरून आला (डावं-उजवं मिळून एक पाऊल), आणि पुढे ज्याने त्याने आपापला करून घेतला. इंग्लंडात १५९३ साली कायदा करून ५२८० फूट ठरवला, स्टॅच्यूट नाव त्यावरूनच. आयर्लंडचा जुना मैल दोन किलोमीटरच्या वर जायचा. स्वीडन-नॉर्वेत आजही 'मिल' म्हणतात ते चक्क १० किलोमीटर, तिथे नवीन गेलेल्या कोणी "दोनच मिल आहे" ऐकून चालत निघू नये. आज वापरतात तो जमिनीचा मैल १९५९ पासून १६०९.३४४ मीटर.

समुद्राचा मात्र पृथ्वीवरून काढलाय. अक्षांशाच्या एका अंशाचे साठ भाग केले की एक मिनिट, आणि एक मिनिट म्हणजे एक मैल. म्हणून चार्टवर (समुद्राच्या नकाशावर) उभ्या बाजूच्या अक्षांशाच्या पट्टीवर थेट मैल मोजता येतो (खालच्या रेखांशाच्या पट्टीवर कधीच मोजू नका). १९२९ मध्ये १८५२ मीटर पक्का झाला. बोटीचा वेग नॉटमध्ये सांगतात, तो नॉट म्हणजे तासाला असा एक मैल. किनाऱ्यापासून १२ मैलांची हद्द, २०० मैलांचं आर्थिक क्षेत्र, हे सगळं याच मैलात, विमानवाले पण हाच धरतात.

माझं स्पष्ट मत, नुसतं "मैल" बोलणं बंद करा. नॉटिकल तर नॉटिकल म्हणा, नाहीतर किलोमीटर सांगा. आणि जुनं मशीन घेतलंत तर सगळ्यात आधी सेटिंग उघडून बघा. बाबांना कोणी ते दाखवलंच नव्हतं, यात त्यांचा काय दोष?

हां, एक राहिलं, अक्षांशाचं मिनिट सगळीकडे तंतोतंत १८५२ नसतं, विषुववृत्ताकडे थोडं कमी, ध्रुवाकडे थोडं जास्त. पृथ्वी पूर्ण गोल नाही ना. रोजच्या कामाला फरक पडत नाही, पण कोणी कमेंटमध्ये सांगण्याआधी मीच सांगते.

काका अजून म्हणतात की नांगर घसरला आणि बोट ओढीने आत आली. चुलतभाऊ इथे वाचतो म्हणून त्याच्यासाठी लिहितेय. दादा, त्या सकाळी तूच काकांच्या बोटीवर होतास आणि आमच्या बोटीला दोर बांधताना मशीनवर हर्णे १२.२ दिसत होतं हे तूच मला सांगितलंयस. चौदाला १.६०९ ने गुण, १.८५२ ने भाग, आणि जे येईल ते काकांना वाचून दाखव, बाबा समोर असताना.