ते बेंच कोणी मागवले?

पत्र (थोडक्यात): समुद्रपूर तालुक्यात पाच एकर कोरडवाहू वावर आहे, पऱ्हाटी आणि तूर. मुलगी बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला, आतापर्यंत ६७ टक्के. आईच्या बचत गटाचा हिशेब तीच लिहिते. तिला एमपीएससीच्या क्लाससाठी पुण्याला पाठवतो आहे, त्यासाठी बैलजोडी विकली. ती म्हणते, सरकारी खरेदी पर्यावरणाला आणि गरिबाला धरून व्हावी, त्यात मला काम करायचं आहे. असं काही असतं का? खरेदीच्या टेबलावर वरकमाई बरी असते म्हणतात, तेव्हा अधिकारी होऊन तिकडं गेली तर आमची ना नाही. दोन वर्षांत नाही जमलं तर लग्न उरकून टाकू. हे सरकारी खरेदीचं खूळ तिच्या डोक्यातून जात नाही, तिला समजवा.

पत्राच्या तळाशी वेगळ्या शाईत, वेगळ्या अक्षरात: "सर, आमच्या गावच्या शाळेत आलेले बेंच दुसऱ्याच पावसाळ्यात फुगले. असे बेंच कोण मागवतं?"

भाऊ,

समजवायचंच तर आधी तुम्हाला समजवतो.

बैलजोडी विकली हे तुम्ही एका वाक्यात लिहून मोकळे झालात. मी तिथंच अडलो. पोरगी पुण्यातल्या अभ्यासिकेत पुस्तक उघडेल तेव्हा ती जोडी रोज तिच्यापुढं उभी राहील. त्यात दोन वर्षांची मुदत आणि मुदतीच्या टोकाला लग्न. इतकं ओझं घेऊन कोणी नीट अभ्यास करत नाही, फक्त घाबरून पाठ करतं. राज्यसेवेची मुख्य परीक्षा आता वर्णनात्मक आहे, उत्तरं सविस्तर लिहावी लागतात, पाठांतर तिथं पुरत नाही. लग्न करायचं तर करा, पण त्याची तारीख निकालाला बांधू नका.

आता वरकमाईचं. तुम्ही वाईट माणूस आहात असं मला वाटत नाही. पारावर जे बोललं जातं तेच तुम्ही कागदावर लिहिलं. माझ्यासमोर बसणारे बरेच पालक हेच मनात ठेवून 'पोस्ट कोणती चांगली' असं विचारतात. पण ही वरकमाई येते कुठून? ती वस्तूतून येते. प्लायवूडच्या जागी भुसा दाबलेला बोर्ड येतो, जाडी अर्ध्याने कमी होते, आणि त्या फरकाचे वाटे पडतात. तुमच्या शाळेच्या बेंचमध्ये असंच झालं असेल असं मी म्हणत नाही. मात्र ज्या टेबलाकडं तुम्ही आशेनं बघता, त्याच्या दुसऱ्या टोकाला असंच कुठलंतरी फुगलेलं बेंच असतं आणि त्यावर तुमच्याच गावचं लेकरू बसलेलं असतं. शिवाय चौकशी लागली की वाटेकरी पांगतात, कागदावर सही तेवढी राहते. ती सही तुमच्या पोरीची असेल. चालेल?

पोरीला जे 'खूळ' म्हणता, त्यात मला तरी खूळ दिसलं नाही. सरकार हे देशातलं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक आहे. २०१६ साली सुरू झालेल्या 'जेम' या सरकारी ऑनलाइन बाजारातच २०२३-२४ मध्ये ४ लाख कोटी रुपयांच्या वर खरेदी झाली. हे गिऱ्हाईक काय मागतं त्यावर कारखानदार काय बनवतो ते ठरतं. एलईडी बल्बचं बघा. २०१४ मध्ये सरकारी कंपनीला एक बल्ब ३१० रुपयांना पडत होता. मोठ्या संख्येनं एकत्र निविदा काढत गेल्यावर २०१६ मध्ये तो ३८ रुपयांवर आला. आज तुमच्या गोठ्यात लागलेला बल्ब स्वस्त आहे, त्यात त्या निविदांचा मोठा हात आहे.

एक गैरसमज मात्र तुमच्यासारख्यांचाच नाही, कार्यालयांतल्या बाबूंचाही असतो: 'नियमच आहे, सगळ्यात स्वस्त तेच घ्यावं लागतं.' अर्धवट खरं आहे हे. दोन लिफाफा पद्धतीत आधी तांत्रिक लिफाफा उघडतो. वस्तूचं जे वर्णन निविदेत लिहिलं आहे, त्यात बसणारेच पुढं जातात आणि दराची तुलना फक्त त्यांच्यात होते. म्हणजे खरा निर्णय दर उघडताना होतच नाही. कोणीतरी टेबलावर बसून 'बेंच, चांगल्या प्रतीचा, नग ४०' असं लिहितो, तिथंच तो होऊन जातो. 'चांगल्या प्रतीचा' म्हणजे काय? काहीच नाही. त्या जागी आयएस ३०३ या भारतीय मानकाचं, पाणी सोसणारं प्लायवूड, अमुक मिलिमीटर जाडी, कडा बंद, पाच वर्षांची हमी असं लिहिलं, तर भुशाचा बोर्ड पहिल्याच लिफाफ्यात बाद. महाग पडेल म्हणाल. समजा ३,००० चा बेंच दोन वर्षं टिकला आणि ४,५०० चा नऊ वर्षं. वर्षाला पहिला १,५०० ला पडला, दुसरा ५०० ला. बी.कॉम.च्या मुलीला हे गणित सांगावं लागत नाही. तिच्या डोक्यात आहे ते हेच, तिला फक्त त्याचं नाव माहीत नसेल.

बेटा, आता तुझ्याशी. 'हरित खरेदी अधिकारी' अशी पाटी तुला आपल्या जिल्हा परिषदेत सापडणार नाही. खासगीत असं काम वाढतं आहे, कारण शेअर बाजारातल्या पहिल्या हजार कंपन्यांना कच्चा माल किती शाश्वत पद्धतीनं घेतला हे दरवर्षी सांगावं लागतं. सरकारात हे काम लेखा आणि भांडार या दोन टेबलांतून होतं. राज्यसेवेतली वित्त व लेखा सेवा तुला शोभेल. खालच्या लेखा पदांच्या परीक्षाही देत राहा. खरेदी आणि भांडाराचं काम शिकवणारी इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ मटेरियल्स मॅनेजमेंटची पदविका आहे, त्यांची शाखा नागपुरात आहे. तेवढ्यासाठी पुणे नको.

आणि नुसत्या भल्या हेतूनं भागत नाही. २०२४-२५ ला राज्यभर एकसारखा गणवेश ठरला. कापड वरून येणार, शिलाई महिला बचत गटांकडे. कल्पना वाईट नव्हती, पण स्वातंत्र्यदिन आला तरी कित्येक शाळांतली पोरं जुन्याच कपड्यांत उभी होती. पुढं हे काम पुन्हा शाळा व्यवस्थापन समित्यांकडे गेलं. कापड कधी पोहोचेल, कोणाकडे किती मशीन आहेत, पैसे कधी मिळतील हे आधी मांडलेलं नसेल तर बायकांच्या हाती काम देऊनही बदनामी बायकांचीच होते.

म्हणून यंदा विकणाऱ्याच्या बाजूनं सुरुवात कर. केंद्राची खाती आणि उपक्रम यांना वर्षाच्या खरेदीतला २५ टक्के माल सूक्ष्म आणि लघु उद्योगांकडून घ्यायचा आहे, त्या पंचवीसातलेच ३ टक्के महिलांच्या उद्योगांकडून. वेस्टर्न कोलफिल्ड्स ही कोळसा खाणींची सरकारी कंपनी, असा उपक्रम नागपुरातच आहे. आईच्या गटाची उद्यम नोंदणी, म्हणजे लहान उद्योग म्हणून सरकारी नोंदणी कर, 'जेम'वर खातं उघड, काय विकता येईल ते बघ. पैसे अडकतील, कागद परत येतील. कुठल्या टेबलावर अडकले ते वहीत लिहीत जा. राज्याच्या ई-निविदा पोर्टलवर बेंचच्या दहा निविदा काढ आणि शेजारी शेजारी ठेवून वाच.

भाऊ, वहीसाठी आणि नेटपॅकसाठी पैसे लागतील तेवढे द्या. बाकीच्यातून जमलं तर एखादा गोऱ्हा घ्या.

बेटा, तुझ्या बेंचचं उत्तर माझ्याजवळ नाही, शाळेच्या साठा नोंदवहीत आहे. पुरवठादार, तारीख, नग, सगळं तिथं असतं. नाही दाखवलं तर माहिती अधिकाराचा अर्ज दे, दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट लावून. तीस दिवसांत उत्तर द्यावं लागतं. पुरवठा आदेशाची प्रत माग. त्यात जाडी किती लिहिली आहे, की लिहिलेलीच नाही, ते मला कळव.