यातली तू कोण?

"ताई, सिनेमात असलं काही आलं की आम्ही सरळ पुढे ढकलतो. बरोबर ना?" मुलांची समुपदेशक म्हणून हा प्रश्न मी पालकांकडून इतक्यांदा ऐकलाय की तो संपायच्या आत उत्तर तोंडावर येतं. 'असलं काही' म्हणजे मारामारी नव्हे, तिचं पालकांना फारसं काही वाटत नाही. एखाद्या पात्राला बाकीचे चिडवतात, आपल्यात घेत नाहीत आणि ते बघून मूल गप्प होतं. त्या गप्प होण्याला आईवडील घाबरतात.

त्यावर एक अनुभव सांगते. ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत.

आठ वर्षांची, तिसरीतली मुलगी. तिला छोटी म्हणू. आई तिला घेऊन आली ती 'डम्बो'मुळे. डिस्नेचा 1941 सालचा, जेमतेम 64 मिनिटांचा सिनेमा. सर्कशीतल्या हत्तिणीच्या पिल्लाचे कान भलतेच मोठे निघतात. एक पोरगा ते कान ओढतो, आई चवताळते आणि तिला पिसाळलेली ठरवून कोंडतात. मग बाकीच्या हत्तिणी गवत खाता खाता त्या पिल्लाबद्दल कुजबुजत असतात. ते येताना दिसतं, तशा सगळ्या त्याच्याकडे पाठ करून उभ्या राहतात. पिल्लू मुकाट्यानं निघून जातं.

छोटी एवढाच तुकडा मागे नेऊन नेऊन बघायची. दिवसातून दहा-बारा वेळा. बाबांनी टॅब कपाटात ठेवला, तर रात्री झोपेना. आजी म्हणाली, "त्या बिचाऱ्याला वाळीत टाकलंय, ते पोरीच्या मनाला लागलंय." आईचं निदान तयार होतं: शाळेत हिला कुणीतरी एकटं पाडतंय. खरं सांगायचं तर माझंही तेच होतं. पहिल्या दोन भेटी मी त्याच वाटेनं गेले. "तुला खेळायला घेत नाहीत का गं?" ती "घेतात" म्हणायची आणि माझ्या टेबलावरच्या यू-पिना मोजत बसायची.

तिसऱ्या भेटीत कागद आणि खडू पुढे केले, तो सीन काढ म्हटलं. तिनं चार मोठ्या राखाडी पाठी काढल्या, शेपट्यांसकट. कोपऱ्यात अंगठ्याएवढं पिल्लू.

"यातली तू कोण?"

बोट पिल्लावर जाणार, याची मला खात्री होती. ते गेलं तिसऱ्या पाठीवर.

"ही."

वीस वर्षं हे काम करतेय, तरी मला पेन खाली ठेवावं लागलं. आम्ही सगळी मोठी माणसं तिला पिल्लू समजून गोंजारत होतो. आणि ती त्या रांगेत उभी होती, एकटीच.

मग सगळं बाहेर आलं. "डब्याच्या सुट्टीत आम्ही गोल बसतो. नवीन मुलगी आली डबा घेऊन. आमच्यातली एक म्हणाली, कोणी सरकू नका."

"मग?"

"मी नाही सरकले."

"आणि ती?"

"मी मागे बघितलंच नाही. पण ती उभी होती. मला कळत होतं."

आईनं घरी समजूत घातली होती की अगं, शेवटी तो त्याच कानांनी उडतो, सगळे त्याला डोक्यावर घेतात. त्यावर छोटीचं म्हणणं, "पण तिला उडता कुठे येतं? ती नुसती नवीन आहे." या सिनेमावर माझा राग आहे तो नेमका इथेच. पिल्लाला मान मिळतो तो उडता आल्यावर. काहीतरी करून दाखव, मग आत घेऊ, हे मुलं बरोबर उचलतात. छोटीला मात्र ते पटलं नव्हतं, याचं मला कौतुक वाटलं.

"मी वाईट आहे," ती म्हणाली. मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांच्या विचारांवर माझी जडणघडण झाली, त्यामुळे या वाक्याशी मी नेहमीच थांबते. वागणं चुकीचं असू शकतं, त्यावरून अख्ख्या माणसावर शिक्का मारायचा नाही. पण आठ वर्षांच्या मुलीला हे कसं सांगायचं? मी तिच्या तिसऱ्या हत्तिणीवर बोट ठेवलं.

"ही दिवसभर पाठच फिरवते?"

"नाही. गवत खाते. कसरत करते. झोपते."

"मग ही पाठ फिरवणारी हत्तीण, की पाठ फिरवलेली हत्तीण?"

बराच वेळ गेला. खडू हातात फिरत होता. "फिरवलेली," ती म्हणाली, आणि जरा वेळानं, "मग वळवता पण येईल."

मी फक्त विचारलं, सरकायला जागा किती लागते? तिनं टेबलावर वीत टेकवली. "एवढी."

आईला त्याच संध्याकाळी तिला त्या मुलीच्या घरी नेऊन सॉरी म्हणायला लावायचं होतं. मी थांबवलं. असं वदवलेलं सॉरी आईला बरं वाटण्यापुरतं असतं, पोरीला त्यानं सरकता येत नाही.

तर पालकांनो, सीन पुढे ढकलू नका. मूल परत परत बघत असेल तर शेजारी बसा. "यातून काय शिकलास?" हा प्रश्न शाळेसाठी ठेवा. "यातला तू कोण?" विचारा आणि उत्तर येईपर्यंत गप्प बसा, हे सगळ्यात अवघड. उत्तर 'चिडवणारा' आलं तर दचकू नका, ओरडू तर मुळीच नका. ते सांगायला धीर लागलेला असतो. आणि लहान मूल घाबरून रडत असेल, तर मात्र बंद करा की. हट्टानं दाखवायला ते काही औषध नाही.

आणखी एक. डम्बो हे त्या पिल्लाचं नावच नाही. आईनं ठेवलेलं नाव जंबो ज्युनिअर. डम्बो हे हत्तिणींनी चिडवायला पाडलेलं, आणि आपणही तेच प्रेमानं घेत आलो. घरात 'जाडू', 'काळू' अशी लाडाची नावं असतील तर ती एकदा मुलाच्या कानांनी ऐकून बघा.

दहा-बारा दिवसांनी छोटीच्या आईचा फोन आला, आवाज चढलेला. "ताई, सरकली हो ती. आता बाकीच्यांची या दोघींशी कट्टी आहे. पायरीवर बसून जेवतात. हेच व्हायचं होतं का?"

"छोटी काय म्हणते?"

"काय म्हणणार! त्या मुलीच्या डब्यात लिंबाचं गोड लोणचं असतं, तसं घाल म्हणते."