पितळेला कोण पैसे देणार?

प्रश्न : आमचा हुपरीत चांदीच्या पैंजणांचा कारखाना आहे. मुलगी बारावी विज्ञानला आहे, दहावीला ९१ टक्के होते. ती तांब्या-पितळेच्या तारा ठोकून खांद्यापर्यंत येणारे विचित्र हार करते आणि ‘हे अंगावर घालायचं शिल्प आहे’ म्हणते. सीईटी होईपर्यंत मी तिची हत्यारं कपाटात कुलूपबंद केली आहेत. आधी इंजिनीअरिंग कर, मग छंद म्हणून ज्वेलरी डिझाइन, असं तिला समजवा. पितळेला कोण पैसे देणार? — एक पालक

उत्तर : आधी ते कुलूप काढा. परीक्षेच्या वर्षात अभ्यासाला वेळ द्यावा, ही अपेक्षा रास्तच आहे. त्यासाठी संध्याकाळचा एक तास ठरवून देता आला असता. पण हत्यारांवर ज्या घराची चूल पेटते, त्याच घरात मुलीच्या हातातली हातोडी काढून घेतली जावी, हे मला फार खटकलं. मुलगा असता तर तुम्ही त्याला कौतुकानं भट्टीशेजारी बसवलं असतं. पत्रात तिचं एकच वाक्य आहे आणि सगळ्यात नेमकं तेच आहे.

आता पितळेचं. वजन, टंच (धातूची शुद्धता) आणि मजुरी हा तुमच्या धंद्याचा हिशेब, तो तिथे बरोबरच आहे. शिल्पाला तो लागू होत नाही. अमेरिकन शिल्पकार अलेक्झांडर काल्डर यांनी सुमारे १,८०० दागिने केले, त्यांतले कितीतरी साध्या पितळी तारेचे, ठोकून-वळवून, शक्यतो डाख (धातू जोडायचा टाका) न लावता. १९४२ मध्ये कलासंग्राहक पेगी गुगनहाइम न्यूयॉर्कमधल्या आपल्या गॅलरीच्या उद्घाटनाला एका कानात काल्डर यांचं आणि दुसऱ्या कानात चित्रकार ईव्ह तांगी यांचं कर्णभूषण घालून गेल्या. अमेरिकन दागिने-कलाकार आर्ट स्मिथ यांना तर न्यूयॉर्कच्या कूपर युनियन कॉलेजमध्ये शिकताना, सरकारी नोकरी मिळेल म्हणून, आर्किटेक्चरकडे वळवू पाहिलं होतं. ते शिल्पकलेकडेच गेले. १९४६ मध्ये त्यांनी ग्रीनिच व्हिलेजमध्ये स्वतःचं दुकान काढलं. नर्तकांसाठी काम करताना त्यांचे दागिने आकारानं मोठे होत गेले. दागिना अंगावर चढल्याशिवाय पुरा होत नाही, असं ते मानत. त्यांचे तांब्या-पितळेचे नग आज ब्रुकलिन म्युझियममध्ये आहेत.

म्हणून ज्वेलरी डिझाइनचा कोर्सही मी आत्ता सुचवणार नाही. तिथे बराचसा भर शोरूमला लागणाऱ्या मालावर असतो. तिनं शिल्पकलेची पदवी घ्यावी. राज्यातल्या कला महाविद्यालयांसाठी एएसी सीईटी ही प्रवेशपरीक्षा आहे, सरावाला चित्रकलेचा क्लास लावा.

पैशाचं स्पष्ट सांगते. नुसत्या या कामावर सुरुवातीची काही वर्षं पोट भरणं कठीण आहे. पण डाख, आटणी, पॉलिश शिकायला इतरांना दारोदार फिरावं लागतं. तिला ते घरात मिळेल. सुट्टीत तिला कारागिरांबरोबर रोजंदारीवर बसवा, दिवसाची मजुरी तिच्या हातात द्या.

पुढचं पत्र मात्र तिला लिहू द्या. सोबत चार-पाच नगांचे फोटो हवेत, टेबलावर मांडलेले नकोत, कुणाच्या तरी गळ्यात घातलेले.