४ टीबीची एक डिस्क घेऊ नका, २ टीबीच्या दोन घ्या

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: घरच्या विंडोज डेस्कटॉपवर चारेकशे जीबी फोटो-व्हिडिओ, डी ड्राइव्हवर वडिलांच्या डीटीपीच्या कामाच्या, श्री-लिपी या मराठी टायपिंगच्या सॉफ्टवेअरमधल्या जुन्या फाइली आणि शिवाय टॅलीचा, म्हणजे हिशेबाच्या सॉफ्टवेअरचा, डेटा. दुकानदार म्हणतो ४ टीबीची एक एक्स्टर्नल हार्ड डिस्क घ्या. ती घ्यावी की एसएसडी (फिरती तबकडी नसलेली, चिपवर डेटा ठेवणारी डिस्क), आणि घेतल्यावर नेमकं करायचं काय?

२ टीबीच्या दोन हार्ड डिस्क घ्या. जागा एकूण तेवढीच मिळते, पण दोन्हींवर तोच पूर्ण बॅकअप ठेवता येतो: एक डिस्क घरात राहते आणि दुसरी भावाकडे, बहिणीकडे, ऑफिसच्या कपाटात, म्हणजे वेगळ्या छपराखाली. जुलै २०२१मध्ये चिपळूणला पाणी शिरलं तेव्हासारख्या पुरात तळमजल्यावरचा कॉम्प्युटर आणि त्याच्याच टेबलाच्या खणातली डिस्क दोन्ही एकदम जातात. चोरीचंही तेच. रॅन्समवेअर, म्हणजे फाइली अडकवून खंडणी मागणारा व्हायरस, तर त्या क्षणी जोडलेल्या प्रत्येक ड्राइव्हवरच्या फाइली कुलूपबंद करतं, त्यामुळे सतत यूएसबीला लटकलेली डिस्क त्याच्यापुढे सुरक्षित नसते. काम झालं की केबल काढायची. दर महिन्याला दोन्ही डिस्कची अदलाबदल करायची.

आणखी एक गोष्ट आधीच सांगतो. कॉम्प्युटरवर जागा हवी म्हणून फोटो एक्स्टर्नल डिस्कवर हलवून मूळ प्रत पुसली, तर तो बॅकअप राहत नाही. ती एकमेव प्रत होते, तीही हातातून पडू शकणाऱ्या वस्तूवर. डेटा परत मिळवून देणाऱ्या लॅबमध्ये अशाच डिस्क मोठ्या संख्येने येतात.

एसएसडी वेगवान आहे, धक्का सोसते, पण तुमच्या कामाला हार्ड डिस्कच बरी. बॅकअपची डिस्क महिनोन् महिने कपाटात पडून असते आणि एसएसडीतला विद्युतभार वीज न मिळाल्यास हळूहळू ओसरतो. घरगुती एसएसडीसाठी जेडेक या चिप-उद्योगाच्या मानक ठरवणाऱ्या संस्थेचं मानक एवढंच मागतं, की लेखनमर्यादा संपलेल्या ड्राइव्हने ३० अंश तापमानात वीज नसताना एक वर्ष डेटा टिकवावा. नवी एसएसडी याहून बरीच जास्त टिकवते, तरी आपल्याकडचा उन्हाळा लक्षात घ्या. शिवाय हार्ड डिस्क मरण्याआधी बऱ्याचदा कुरकुरते. एसएसडी अनेकदा एका क्षणात गप्प होते.

खरेदीबद्दल. आज जगात हार्ड डिस्क बनवणाऱ्या कंपन्या तीनच आहेत: सीगेट, वेस्टर्न डिजिटल आणि तोशिबा. डब्यावर चौथं नाव असलं तरी आत यांचाच माल असतो, त्यामुळे ब्रँडवर फार डोकं शिणवू नका. बिलावर सीरियल नंबर लिहून घ्या आणि तो कंपनीच्या साइटवर टाकून भारतातली वॉरंटी दिसते का ते दुकानातच बघा. वॉरंटीत बदली डिस्क मिळते, डेटा नाही. '१६ टीबी एसएसडी, किंमत दोन हजार' अशा जाहिरातींच्या वाटेला जाऊ नका. आत छोटं मेमरी कार्ड असतं आणि चिपला खोटा आकडा सांगायला शिकवलेलं असतं. जागा भरली की नव्या फाइली जुन्यांवर लिहिल्या जातात आणि फोल्डरमध्ये मात्र सगळं जागेवर दिसतं. २ टीबीची डिस्क विंडोजमध्ये १.८१ टीबी (साधारण १८६२ जीबी) दिसेल. ही फसवणूक नाही: कंपनी हजाराच्या पटीत मोजते, विंडोज १०२४च्या.

अडीच इंची, यूएसबीवरच चालणारी डिस्क घ्या. साडेतीन इंचीला १२ व्होल्टचा वेगळा अडॅप्टर लागतो आणि चुकून लॅपटॉपचा १९ व्होल्टचा घुसवला तर बोर्ड जळतो. अडीच इंचीतही एक अडचण आहे. बऱ्याच मॉडेलमध्ये यूएसबीचं सॉकेट डिस्कच्या स्वतःच्या बोर्डवरच जोडलेलं असतं, आत नेहमीचं साटा सॉकेट (डिस्क थेट कॉम्प्युटरच्या आत जोडायचं) नसतं. ते मोडलं तर डिस्क काढून दुसऱ्या केसमध्ये घालता येत नाही. म्हणून केबल लावलेल्या अवस्थेत डिस्क उचलायची नाही, बॅगेत कोंबायची तर नाहीच. आतली तबकडी फिरत असताना तर डिस्क हलवायचीही नाही.

डेस्कटॉपला डिस्क मागच्या यूएसबी ३ पोर्टला लावा (बहुधा निळा असतो). कॅबिनेटच्या पुढच्या पोर्टची आतली वायर लांब आणि हलकी असते. वीज कमी पडली की डिस्क मध्येच गायब होते, पुन्हा येते, टकटक करते. लोक डिस्क खराब समजून परत करतात आणि दोष पोर्टचा असतो. यूएसबी ३वर ४०० जीबी साधारण तासा-सव्वा तासात जातात, यूएसबी २वर साडेतीन तास लागू शकतात. हजारो लहान फाइली असल्या तर दोन्हीकडे जास्त. या डिस्कपैकी अनेक एसएमआर प्रकारच्या असतात, त्यांचे ट्रॅक एकमेकांवर चढलेले असतात. बराच वेळ सलग लिहिलं की वेग एकदम पडतो. घाबरून केबल उपटू नका. डेस्कटॉप यूपीएसवर असू द्या, लेखन चालू असताना वीज गेली तर फाइल सिस्टिम बिघडू शकते.

पहिल्या दिवशी डिस्क एनटीएफएसमध्ये (विंडोजची नेहमीची फाइल सिस्टिम) फॉर्मॅट करा, 'क्विक फॉर्मॅट'ची खूण काढून. २ टीबीला पाचेक तास लागतील, पण पूर्ण फॉर्मॅटमध्ये सगळ्या पृष्ठभागावर लिहिलं जातं आणि डिस्क कच्ची असेल तर ते वॉरंटीच्या आतच उघडं पडतं. एक्सफॅट ही दुसरी फाइल सिस्टिम तेव्हाच, जेव्हा तीच डिस्क मॅकवरही लिहायची असेल. त्यात जर्नल, म्हणजे चालू बदलांची नोंदवही, नसल्यामुळे वीज गेल्यावर सावरण्याची ताकद कमी असते.

आता मुख्य काम. विंडोजची 'फाइल हिस्टरी' ही बॅकअपची सोय आपणहून डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स, पिक्चर्स यांसारखी ठरलेली फोल्डरंच बघते. तुमचा डी ड्राइव्ह ती आपणहून घेत नाही, आणि नेमका जुना डेटा तिथेच आहे. म्हणून मी 'फ्रीफाइलसिंक' हा दोन फोल्डरची तुलना करून कॉपी करणारा प्रोग्राम सुचवेन. डावीकडे मूळ फोल्डर, उजवीकडे डिस्कवरचं. डिस्कचा पत्ता ड्राइव्हच्या अक्षराने देऊ नका, कारण आज एफ असलेली डिस्क उद्या जी होते; चौकटी कंसात डिस्कचं नाव द्या, प्रोग्राम तिला नावाने शोधतो. दोन्ही डिस्कची नावं मात्र वेगळी ठेवा.

पद्धत 'मिरर' (उजवी बाजू डावीसारखी हुबेहूब करणारी) निवडा, पण पुसलेल्या फाइलींसाठी 'व्हर्जनिंग' चालू करून वेगळं फोल्डर द्या, म्हणजे पुसलेली किंवा बदललेली जुनी प्रत तारखेसह तिथे जाते. ही खूण करायची राहून गेली तर मिरर जसं सांगितलंय तसंच वागतं: मूळ फोल्डर चुकून रिकामं झालं तर बॅकअपही रिकामा. दोन्ही बाजूंचे बदल एकमेकांवर नेणारी 'टू-वे' कधीही नाही. बटण दाबण्याआधी तुलनेचा तक्ता वाचा. नेहमी वीस-तीस फाइली बदलतात आणि आज हजारो बदललेल्या दिसताहेत, तर थांबा, आधी मूळ ड्राइव्हवर काय झालं ते बघा.

वनड्राइव्ह चालू असेल तर ज्या फाइलींवर ढगाची खूण आहे त्या तुमच्या डिस्कवर मुळात नाहीत. त्या फोल्डरवर राइट क्लिक करून 'ऑलवेज कीप ऑन धिस डिव्हाइस' करा, मगच बॅकअप घ्या. टॅली बंद करून घ्या. चालू असताना कॉपी केलेला डेटा अर्धवट असू शकतो.

वडिलांच्या फाइलींना सगळ्यात जास्त जपा. श्री-लिपीतला जुना मजकूर युनिकोड (कुठल्याही कॉम्प्युटरवर मराठीच दिसेल अशी अक्षरांची प्रमाण पद्धत) नाही. तो अमुक फाँट असेल तरच मराठी दिसतो, नाहीतर इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांचा कचरा. फाइल टिकली आणि फाँट गेला तर काही टिकलं नाही. त्या फाइलींत वापरलेले फाँट आणि सॉफ्टवेअरची इन्स्टॉलेशन सीडी यांची कॉपी त्याच फोल्डरमध्ये ठेवा. डाँगल (सॉफ्टवेअर चालण्यासाठी पोर्टला लावायची किल्ली) असेल तर त्यावर नाव लिहून जपून ठेवा. आणि आत्ता, सगळं चालू आहे तोवर, महत्त्वाच्या प्रत्येक फाइलची पीडीएफ काढा, फाँट आत समाविष्ट करून. वीस वर्षांनी ती पीडीएफच उघडेल.

मराठी फोल्डरनावांमुळे एक नेहमीची भानगड होते. विंडोज एक्सप्लोररला पूर्ण पत्ता साधारण २६० अक्षरांपलीकडे गेला की अडचण येते, आणि देवनागरीत काना-मात्रा-हलंत वेगळे मोजले जातात: 'कोल्हापूर' डोळ्याला चार अक्षरं, विंडोजला नऊ. त्यात बॅकअपच्या फोल्डरचं नाव पुढे जोडलं जातं. म्हणून डिस्कवरचं वरचं फोल्डर एका लहान शब्दाचं ठेवा आणि 'बाळूच्या लग्नाचे निवडक फोटो' यासारखी नावं एकात एक चार थर रचू नका.

दर तीन महिन्यांनी 'क्रिस्टलडिस्कइन्फो' हा डिस्कची तब्येत दाखवणारा प्रोग्राम उघडा. ०५, सी५ आणि सी६ या ओळींचा रॉ आकडा शून्य असावा. सी५ वाढताना दिसला तर त्या डिस्कवर भरवसा संपला, नवी आणा. सी७ वाढत असेल तर आधी केबल बदला. 'फॉर्मॅट केल्याशिवाय डिस्क वापरता येणार नाही' असा संदेश आला तर फॉर्मॅट दाबू नका. दुसरी केबल, दुसरा पोर्ट, दुसरा कॉम्प्युटर करून बघा. लयीत खट-खट आवाज येत असेल तर लगेच बंद. पुन्हा पुन्हा चालू करून बघण्यात उरलेला पृष्ठभागही खरवडला जातो.

पावसाळ्यात, विशेषतः कोकणात, डिस्क घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या दोन पुड्यांसह ठेवा. एसीतून दमट हवेत आणली तर अर्धा तास थांबून मग लावा.

आणि पहिला बॅकअप झाला की त्याच आठवड्यात डिस्क दुसऱ्याच कॉम्प्युटरला लावून दहा फोटो, एक लांब व्हिडिओ शेवटपर्यंत, टॅलीची एक कंपनी आणि श्री-लिपीची एक फाइल उघडून बघा. तिथे बॅकअपमधले फाँट टाकूनही श्री-लिपीची फाइल मराठीत दिसली नाही, तर फाँटची कॉपी राहिली आहे हे तेव्हाच कळेल आणि वडिलांच्या मशीनवरून ती घेता येईल.