ऐतिहासिक प्रेमकथा लिहिणाऱ्या इंग्रज कादंबरीकार जॉर्जेट हेयर मूळच्या कोण, कुठल्या? घरचं वातावरण कसं होतं?

जन्म १९०२, लंडनजवळचं विम्बल्डन. धाकट्या भावाला रक्त न गोठण्याचा आजार. त्याचा वेळ जावा म्हणून रचलेली गोष्ट १९२१ मध्ये पुस्तक होऊन आली, तेव्हा बाई जेमतेम एकोणीस वर्षांच्या.

खरं वळण १९२५ चं. साखरपुड्यानंतर महिन्याभरात वडील गेले, होणाऱ्या जावयासोबत टेनिस खेळून झाल्यावर हार्ट अटॅकनं. मागे पेन्शन नाही, दोन भाऊ शिकायचे. दोन महिन्यांत लग्न, आणि लिखाणावरच घराचा भार. नवरा रोनाल्ड रुजिये, खाणीतले इंजिनिअर. त्यांच्यामागे बाई टांगानिकाला (आजच्या टांझानियात) गेल्या आणि जंगलात गवताच्या झोपडीत राहून लिहीत राहिल्या. नवरा पुढे बॅरिस्टर झाला. एकच मुलगा, रिचर्ड.

मुलाखत कधीच दिली नाही. सरदार, बग्ग्या, नाचाच्या मैफली असं सगळं लिहिणारी ही बाई शेजाऱ्यापाजाऱ्यांत नुसती 'मिसेस रुजिये'. बऱ्याच वाचकांना हे नाव १९७४ साली मृत्युलेखातच कळलं! आपल्याकडे सदाशिव पेठेत हे जमलं असतं का, शंकाच आहे.

प्रेमकथा म्हणून नाक मुरडू नका. 'अॅन इन्फेमस आर्मी' या कादंबरीतलं वॉटर्लूच्या लढाईचं त्यांचं वर्णन सँडहर्स्टच्या लष्करी अकादमीत अभ्यासाला वापरलं गेलंय. मला ती कादंबरी कॅम्पात रद्दीवाल्याकडे मिळाली, कव्हर फाटलेलं, आत कुणाचं तरी बसचं तिकीट. तिथूनच सुरुवात करा.